वेल्डिंगचा प्रकाश आणि डोळे

मध्यरात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते म्हणून तरुण मुलगा दवाखान्यात आला, की "आज वेल्डिंग केलेस का?" हा माझा पहिला प्रश्न असतो. घरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोटारसायकल ड्रॅग शर्यतीसाठी तयार करणाऱ्या हौशी मुलांनी हे जरूर वाचावे. ४०२ मीटरच्या सरळ शर्यतीत पुढचे चाक उचलले जाऊ नये, म्हणून चेसिसला जोडलेला मागचा स्विंगआर्म कापून लांबवतात. सारे लक्ष गाडीकडे आणि डोळ्यांवर साधा गॉगल! सोलापूरच्या उन्हात चालणारा गॉगल वेल्डिंगपुढे कामाचा नाही.

वेल्डिंगच्या प्रकाशातील अतिनील किरणांनी बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो. त्या वेळी काहीच जाणवत नाही. साधारण ६ ते १२ तासांनी डोळे लाल होतात, पाणी वाहते, उजेड सोसत नाही. जवळ उभे राहून पाहणाऱ्या लहान मुलांनाही हा त्रास होतो.

अशा वेळी डोळे चोळू नयेत. बटाट्याचा रस, गुलाबपाणी, तूप घालू नये. बधिर करणारे थेंब मनाने वापरू नयेत. त्यांनी जखम चिघळते. थंड पाण्याची घडी ठेवून डॉक्टरांना दाखवावे. बहुधा दोन दिवसांत आराम पडतो. ग्राइंडरचा कण रुतला असल्यास मात्र त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

वेल्डिंगसाठी १० ते १२ नंबरच्या काळ्या काचेचा मुखवटा आणि ग्राइंडिंगसाठी बंद चष्मा वापरावा. गाडी पुन्हा बांधता येते, डोळा नाही.