विलंब आणि विभागणी : वीजजाळ्याचे वेळेवरचे गणित

तंजावरच्या शहाजीराजांचे (कारकीर्द १६८४–१७१२) ‘पंचभाषाविलास’ हे नाटक ग्रंथालयात बसून सावकाश लावता येते. रंगभूमीवर मात्र प्रत्येक पात्राला आपापल्या भाषेत, पण नेमक्या क्षणीच बोलावे लागते. उशिरा आलेले अचूक वाक्यही तेथे चुकलेलेच. वीजजाळ्याच्या संगणकीय सिम्युलेशनातही असाच भेद आहे.

जुलै २०१२ च्या ३० व ३१ तारखांना उत्तर भारतातील वीजजाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भारतही अंधारात गेला. दक्षिणेचे जाळे त्यांच्याशी एका लयीत जोडलेले नसल्यामुळे तंजावर त्या अरिष्टापासून दूर राहिले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित झाली आणि तंजावर व महाराष्ट्र ५० हर्ट्‌झच्या एकाच लयीत आले. तेव्हापासून आधाराप्रमाणे संकटही सामायिक झाले आहे.

दोष उद्भवताच बिघडलेला भाग तोडण्याचा आदेश देणारे रिले सिम्युलेशनशी जोडून पारखतात. रिले हे प्रत्यक्ष यंत्र. ते गणितासाठी थांबत नाही. म्हणून साधारणतः दर ५० मायक्रोसेकंदांनी जाळ्याची स्थिती नव्याने काढावी लागते. हे काम मल्टिकोअर प्रोसेसरच्या अनेक कोअरमध्ये वाटून देतात.

परंतु कोअर दुप्पट केल्याने वेग दुप्पट होतोच असे नाही. जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या विचारानुसार, कामाचा दहावा हिस्सा अविभाज्य असेल तर कितीही कोअर लावले तरी वेग दसपटीपलीकडे जात नाही. मग विभागणी कोठे करावी? याचे उत्तर वाहिनीच देते. विद्युत्‌लहर ५० मायक्रोसेकंदांत फार तर १५ किलोमीटर जाते. रायचूर–सोलापूर वाहिनी सुमारे २०० किलोमीटरांची आहे. एका टोकाचा बदल त्याच पावलात दुसऱ्या टोकाला पोहोचतच नाही. म्हणून दोन्ही बाजूंचे गणित, अचूकतेला बाध न आणता, निरनिराळ्या कोअरवर चालविता येते. परस्परांलगतच्या उपकेंद्रांबाबत ही सवलत नाही.

प्रोसेसरांची तुलना करताना सरासरी वेग फसवा ठरतो, हेही ध्यानात घ्यावयास हवे. समजा, एक प्रोसेसर बहुधा २० मायक्रोसेकंदांत पाऊल पुरे करतो, पण सामायिक स्मृतीसाठी खोळंबून क्वचित ६० घेतो. दुसरा नेहमीच ४० घेतो. ग्रंथालयातल्या वाचकासारख्या निवांत गणिताला पहिला बरा. रिलेच्या परीक्षेला दुसराच हवा. तेथे सर्वांत मंद पाऊलच निर्णायक असते.