कुलाबा, जंजिरा, रायगड : एका जिल्ह्याची घडण आणि गणती

१ जानेवारी १९८१ पूर्वी रायगड नावाचा जिल्हा नव्हता. किल्ला होता, त्याच्या भोवतालच्या जिल्ह्याचे नाव कुलाबा. माझ्या जन्मदाखल्यावर कुलाबा आहे, निवृत्तिवेतनाच्या कागदांवर रायगड आहे, आणि आजोबांच्या ट्रंकेतल्या शेतसाऱ्याच्या पावत्यांवर या दोन्हींपैकी एकही नाही. तिथे ‘संस्थान जंजिरा’ आहे. तिघांचा पत्ता मात्र एकच : दिवेआगर. महसूल खात्यात नोकरी केल्यामुळे अशा कागदांकडे बघण्याची मला सवय लागली, आणि त्यातूनच हा प्रश्न मागे लागला, की जिल्हा म्हणजे नेमके काय, तो कोण आखतो, आणि त्याच्या टोकाला राहणाऱ्या गावाला त्यात किती जागा असते?

आधी शब्द पाहू. ‘जिल्हा’ अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ अर्थ बरगडी, बाजू. ‘तालुका’ही अरबीच, संबंध, ताबा असा त्याचा अर्थ. बरगडीला आपण कुणाची बरगडी हे ठरवता येत नाही, हे लक्षात ठेवले तर पुढचा इतिहास समजायला सोपा जातो.

गाव जिल्ह्यापेक्षा कितीतरी जुने. दिवेआगरला सापडलेला शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा ताम्रपट हा मराठीतल्या अगदी आरंभीच्या लेखांपैकी एक. शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या ग्रंथामुळे तो अभ्यासकांच्या परिचयाचा झाला. तेव्हा उत्तर कोकणात शिलाहारांचे राज्य होते. त्या पत्र्यावर गावातल्या माणसांची नावे आहेत आणि त्यांत ‘घैसास’ हे आजही कोकणात ऐकू येणारे आडनाव आहे. माझ्या दृष्टीने त्यातली मोठी गोष्ट वेगळीच आहे. आपसातला ठराव तांब्यावर कोरून ठेवावा, तोही बोलीच्या जवळ जाणाऱ्या भाषेत, असे त्या मंडळींना वाटले. नऊशेसाठ वर्षांपूर्वीच्या या गावात चार माणसे एकत्र बसून व्यवहार ठरवत होती आणि त्याची नोंद ठेवत होती. ‘आगर’ म्हणजे आमच्याकडे नारळी-पोफळीची वाडी. व्यवहार जमिनीचा, सोन्याचा, पाण्याचा असायचा. आजही तलाठी कार्यालयात तोच असतो.

आता जिल्हा. कुलाबा हा अलिबागच्या समुद्रातला किल्ला. मुंबईतल्या कुलाब्याशी त्याचा घोटाळा करणारे आजही भेटतात. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. त्यांच्या घराण्याचे छोटे राज्य पुढे शंभरेक वर्षे टिकले, आणि वारस नाही या सबबीवर कंपनी सरकारने ते १८४० मध्ये खालसा केले. स्वतंत्र कुलाबा जिल्हा झाला १८६९ मध्ये. ठाणे जिल्ह्यातून पनवेल त्याला १८८३ मध्ये जोडले गेले, कर्जत १८९१ मध्ये. म्हणजे आज ज्या पनवेलच्या मागे सगळा जिल्हा धावतो, ते या घरात उशिरा आलेले.

दिवेआगर तर त्याहूनही उशिरा आले. श्रीवर्धन, म्हसळा आणि मुरूड हा पट्टा सिद्दींच्या जंजिरा संस्थानाचा. श्रीवर्धनची देशमुखी असलेले बाळाजी विश्वनाथ भट सिद्दीच्या जाचाला कंटाळून घाटावर गेले आणि पुढे पेशवे झाले, ही गोष्ट आमच्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पेशवाई आली, गेली, जंजिरा राहिला. इंग्रजांच्या अमलात या पट्ट्यातल्या माणसाचे ‘सरकार’ म्हणजे मुरूडचे नबाब. राजपुरीच्या खाडीपलीकडे अलिबागला कलेक्टर बसे, पण तो आपला नव्हे. स्वातंत्र्यानंतर जानेवारी १९४८ च्या अखेरीस नानासाहेब पुरोहित यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी संस्थानातल्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या, नबाबांनी विलीनीकरण मान्य केले, आणि मार्च १९४८ मध्ये जंजिरा मुंबई प्रांतात गेला. संस्थानाचे तीन भाग कुलाबा जिल्ह्याचे तीन तालुके झाले. त्याच सुमारास भोर संस्थानातला सुधागडही कुलाब्यात आला. जिल्ह्याचे नाव पुढे बदलले ते बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना. अंतुले म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे. कुलाब्याचा रायगड करणारा माणूस जंजिऱ्याच्या बाजूचा होता, याची आठवण अलिबागकरांना मी अधूनमधून करून देतो.

आज जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. श्रीवर्धनला तहसीलदार आहेत, प्रांताधिकारी आहेत, जिल्हाधिकारी अलिबागला. नकाशात अलिबाग जवळ दिसते, पण मध्ये खाडी आहे. दिघीहून जंगलजेटीने आगरदांड्याला उतरून मुरूडमार्गे जायचे, नाहीतर म्हसळ्यावरून लांबचा वळसा घ्यायचा. एका सुनावणीसाठी गावचा माणूस पहाटे निघतो आणि दिवस संपवून परततो.

कारभाराचे दोन हात आहेत. जिल्हाधिकारी हा सरकारने नेमलेला. सारा गोळा करणे, नोंदी ठेवणे, आपत्ती सांभाळणे हे त्याचे काम. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये बंगालात हे पद निर्माण केले तेव्हा ‘कलेक्टर’ या शब्दात गोळा करण्याखेरीज काही नव्हते. दुसरा हात निवडून आलेला. वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रस्ते, पाणी ही तिची कामे. परंतु तिच्या तिजोरीत येते ते बहुतेक वरून आलेले अनुदान. आणि मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही. परिषद प्रशासकाने चालवली. म्हणजे त्या काळात दोन्ही हात नेमलेलेच होते.

माझा पुतण्या न्यू जर्सीत एडिसनला राहतो. त्याची मिडलसेक्स कौंटी १६८३ मध्ये स्थापन झाली, म्हणजे संभाजीराजे जंजिऱ्याच्या सिद्दीशी झुंजत होते त्या काळात. कौंटी म्हणजे आपला जिल्हा, असे तो मला समजावत होता. आकाराने लहान, पण लोकवस्ती २०२० च्या गणनेत ८,६३,१६२. तिथे कौंटीचे कमिशनर निवडून येतात, शेरीफ निवडून येतो, दस्त सांभाळणारा कौंटी क्लार्कसुद्धा निवडून येतो. घरपट्टीतला एक हिस्सा थेट कौंटीचा असतो आणि तो कसा खर्चायचा हे हीच मंडळी ठरवतात. दस्तनोंदणी सांभाळणारा माणूस मते मागत दारोदार फिरतोय, हे चित्र मला गमतीचे वाटले. तिथलेही सगळे गोड नसणार. पण फरक महत्त्वाचा आहे : कौंटी बऱ्याच गोष्टी स्वतः ठरवते, आपला जिल्हा मुख्यतः वरून ठरलेले खाली पोचवतो.

याचा अर्थ ३ जून २०२० नंतर आम्हाला नीट कळला. निसर्ग चक्रीवादळ दुपारी आमच्या किनाऱ्यावर आले आणि काही तासांत पोफळी आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा म्हणून जी सुपारी बाजारात नावाजली जाते, तिची झाडे. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. पंचनामे तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी केले. दर मात्र मंत्रालयात ठरला : फळबागांना हेक्टरी ५० हजार रुपये. आधीच्या १८ हजारांच्या मानाने हा दर मोठा होता; पण आमच्याकडे हेक्टर आहे कुणाकडे? वाडी असते दहा गुंठ्यांची. हिशेब केला तर हाती पाच हजार. त्याच दहा गुंठ्यांत नऊ फुटांचे अंतर धरले तरी सव्वाशेच्या वर पोफळी मावतात. शिवाय नारळ, जायफळ, मिरीचे वेल. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा झाडामागे मदत देण्याचे ठरले : नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. रक्कम फार वाढली असे नाही, पण वाडी झाडांनी मोजायची असते हे तरी सरकारदरबारी मान्य झाले. ही गोष्ट दिवेआगरच्या कुठल्याही म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितली असती.

दुसरी अडचण सातबाऱ्याची. वाडी एक, नावे सतरा. त्यांतले पाच वारलेले, आठ मुंबई-पुण्यात, एक परदेशी. वारसनोंद नाही, संमतीपत्रे जमत नाहीत. झाडे ज्याने राखली त्याचे नाव कधी कधी उताऱ्यावर असतच नाही. माणसे गावात नसणे म्हणजे काय, ते अशा वेळी दिसते.

आता गणतीकडे वळतो. १९०१ च्या जनगणनेत कुलाबा जिल्ह्याची लोकसंख्या ६,०५,५६६ होती आणि जंजिरा संस्थानाची ८५,४१४. २०११ मध्ये अख्ख्या रायगड जिल्ह्यात २६,३४,२०० माणसे मोजली गेली. त्यांत एकट्या पनवेल तालुक्यात साडेसात लाख. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड हे जंजिऱ्याचे तिन्ही तालुके मिळून दोन लाखांच्या थोडे वर. जुना कुलाबा एकशे दहा वर्षांत जवळजवळ चौपट झाला, जंजिऱ्याचा भाग अडीच-तीनपट. दक्षिणेकडे तर याहून बिकट : रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ वर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, त्या काही तिथे मुली जास्त जन्मतात म्हणून नव्हेत, पुरुष मुंबईला. रायगडात हे प्रमाण ९५९ आहे, कारण पनवेल-उरणकडे बाहेरून पुरुष येतात. एकाच आकड्यात जाणारे आणि येणारे मिसळले, की दक्षिण रायगडचे रिकामेपण दिसेनासे होते. जिल्ह्याची सरासरी ही आमच्या बाबतीत फसवी असते, ती यामुळे.

आकड्यांवर मतदारसंघ ठरतात. २००८ च्या फेररचनेत पनवेल, कर्जत, उरण हे विधानसभा मतदारसंघ मावळ लोकसभेत गेले. रायगड लोकसभेची संख्या भरायला रत्नागिरीतले दापोली आणि गुहागर घेतले. जिल्हा परिषदेचे गटही लोकसंख्येवरच आखले जातात. २०१६ मध्ये पनवेल महापालिका झाल्यामुळे तिथला मोठा भाग परिषदेबाहेर गेला आणि उरलेल्यांचे वजन थोडे वाढले, एवढाच आम्हाला दिलासा.

पुढची जनगणना तोंडावर आहे. तिची संदर्भतारीख १ मार्च २०२७. प्रत्यक्ष माणसे मोजायची ती फेब्रुवारीत. गणतीत माणूस धरला जातो तो नेहमी राहतो तिथे. नालासोपाऱ्यात, डोंबिवलीत राहणारी आमची मुले तिथलीच, हे न्यायाचेच आहे; पाणी त्यांना तिथे लागते, शाळा तिथे लागते. पण गावात वर्षातले सात-आठ महिने राहून नातवंडांसाठी मुंबईला जाऊन-येऊन असणारी आमच्या वयाची जोडपी पुष्कळ आहेत, आणि त्यांची नावे मुलगा तिकडच्या घरात घालून मोकळा होतो. अशांनी आपण नेहमीचे कुठले, हे आधीच घरात बोलून ठेवावे. आणि फेब्रुवारीत गावी राहावे. शिमगा त्या वर्षी मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. पालखी नाचवायला सगळे येतील, तेव्हा प्रगणक येऊन गेलेला असेल.