चौकोन गडद, बाटली बाद!

पोलिओ रविवारी बूथवरच्या सिस्टर थेंब पाजण्याआधी बाटलीच्या लेबलावर नजर टाकतात. तिथे छापलेल्या गडद वर्तुळात एक फिकट चौकोन असतो. त्या तो बघतात. कशासाठी?

पोलिओची लस उष्णतेला फार हळवी. जळगाव-धुळ्याच्या जिल्हा भांडारातून ती प्राथमिक आरोग्य केंद्रात जाते आणि तिथून बर्फाच्या डब्यात यावल, चोपडा, शिरपूरकडच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर. खानदेशात मे महिन्यात पारा 45 अंशांना भिडतो. वाटेत डबा उघडा राहिला तर? बिघडलेली लस दिसायला चांगल्या लसीसारखीच!

म्हणून लसीला किती उष्णता लागली ते चौकोन दाखवतो. त्यातल्या रसायनाचे बिनरंगी रेणू उष्णतेने एकमेकांना जोडले जातात आणि त्यांच्या रंगीत साखळ्या बनतात. ऊब जितकी जास्त, तितकी घाई. हे रिक्षाच्या मीटरसारखं आहे: थंडाव्यात वेग मंदावतो, पण आकडा मागे येत नाही. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की बाटली बाद, मुदत शिल्लक असली तरी. पोलिओच्या बाटलीवर 37 अंशांत याला साधारण दोनच दिवस लागतात. 1996 पासून जगभर वापरात असलेली ही युक्ती मला कुठल्याही कागदी नोंदवहीपेक्षा भरवशाची वाटते. मात्र लस गोठली होती का, हे तिला कळत नाही.

मेडिकलमधलं इन्सुलिनही उष्णतेला हळवं, पण त्यावर सहसा असा चौकोन नसतो. म्हणून उन्हाळ्यात ते थंड पिशवीतूनच आणा आणि बर्फाला थेट टेकू देऊ नका.