क्लॉज, फ्रेज आणि वाक्याचे प्रकार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्रजी वाक्याची उभारणी क्लॉजवर होते. कर्ता आणि त्याच्याशी जोडलेले, काळ दाखवणारे क्रियापद एकत्र आले की क्लॉज तयार होतो. असे क्रियापद नसलेला, पण एकजुटीने नामाचे, विशेषणाचे किंवा क्रियाविशेषणाचे काम करणारा शब्दसमूह म्हणजे फ्रेज. एका क्लॉजचे वाक्य सिम्पल, मुख्य क्लॉजवर दुसरा क्लॉज अवलंबून असलेले कॉम्प्लेक्स आणि बरोबरीच्या दोन क्लॉजचे कम्पाउंड. मराठी शालेय व्याकरणातले केवल, मिश्र आणि संयुक्त हे प्रकार यांनाच समांतर आहेत, आणि क्लॉजला तिथे उपवाक्य म्हणतात. व्याख्या एवढ्याच आहेत. गोंधळ होतो तो ओळखीच्या खुणांमुळे. वाक्य किती लांब आहे, मध्ये ‘अँड’ आहे का, सुरुवातीला ‘व्हेन’ आहे का, अशा वरवरच्या खुणा पाठ केल्या जातात आणि शब्दसमूह वाक्यात कोणते काम करतो हे पाहायचे राहून जाते.

‘फ्रेज आखूड, क्लॉज लांब’

लांबीचा इथे काहीही संबंध नाही. ‘द ओल्ड टेम्पल ऑन द हिल बिहाइंड अवर स्कूल’ हे नऊ शब्द आहेत, तरी ती फ्रेजच. आमच्या शाळेमागच्या टेकडीवरचे जुने देऊळ, एवढेच ती सांगते. त्या देवळाचे काय झाले ते सांगत नाही. उलट ‘बर्ड्ज फ्लाय’ या दोन शब्दांत कर्ता आहे, क्रियापद आहे, म्हणजे क्लॉजही आहे आणि पूर्ण वाक्यही. ‘रन!’ हा एकच शब्दसुद्धा वाक्य आहे, कारण आज्ञार्थी वाक्यात ‘यू’ हा कर्ता अध्याहृत असतो. मराठीत ‘पळ!’ म्हणताना ‘तू’ बोलून दाखवावा लागत नाही, तसेच हे.

‘क्रियापदाचे कोणतेही रूप आले की क्लॉज झाला’

‘हिअरिंग द बेल, द बॉइज रॅन टु द क्लास’ या वाक्यात दोन क्रिया दिसतात, म्हणून दोन क्लॉज आहेत असे अनेकांना वाटते. ‘रॅन’ हे रूप काळ दाखवते; वर्तमानकाळ केला तर त्याचे ‘रन’ होईल. ‘हिअरिंग’ मात्र काळ बदलला तरी जसेच्या तसे राहते. ‘टु गो’, ‘गोइंग’ अशी रूपे काळाला किंवा कर्त्याला धरून बदलत नाहीत. म्हणून शालेय व्याकरणात त्यांच्याभोवतीचा शब्दसमूह फ्रेज मानला जातो. वाक्यात काळ दाखवणारी क्रियापदे मोजावीत, तितके क्लॉज. ‘हॅज बीन रीडिंग’ हे तीन शब्द मिळून एकच क्रियापद होते, हे तेवढे मोजताना ध्यानात ठेवावे लागते.

यावर पुस्तकांत एकवाक्यता नाही. रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकातून भारतात रुजलेली शालेय परंपरा वरीलप्रमाणे विभागणी करते. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांच्या 1985 च्या बृहद् व्याकरणात मात्र ‘हिअरिंग द बेल’ हाही क्लॉजच आहे, फक्त काळ न दाखवणारा. तिथे एकाच शब्दाचीही फ्रेज होऊ शकते. ‘बर्ड्ज फ्लाय’मधला ‘बर्ड्ज’ हा एकटा शब्द नामफ्रेज ठरतो. दोन पुस्तकांत दोन उत्तरे दिसली म्हणजे त्यातले एक चुकीचे, असे मानण्याचे कारण नाही. विभागणीची कसोटी वेगळी, म्हणून उत्तर वेगळे. शालेय परीक्षेत शालेय कसोटी धरावी.

फ्रेज आणि क्लॉज यांतला फरक केवळ परीक्षेपुरता नाही. मराठीत ‘रस्त्याने जाताना त्याला कुत्रा चावला’ हे वाक्य निर्दोष आहे. जाणारा कोण हे प्रत्येकाला कळते. तेच इंग्रजीत ‘वॉकिंग डाउन द रोड, अ डॉग बिट हिम’ असे उतरवले की रस्त्याने चालणारा कुत्रा ठरतो, कारण सुरुवातीच्या अशा फ्रेजचा कर्ता मुख्य क्लॉजच्या कर्त्याशी जोडून वाचला जातो. फ्रेजचा क्लॉज केला की दोष जातो: ‘व्हाइल ही वॉज वॉकिंग डाउन द रोड, अ डॉग बिट हिम’. क्लॉज आपला कर्ता स्वतःबरोबर आणतो, फ्रेजला तो बाहेरून घ्यावा लागतो.

‘अँड आले की कम्पाउंड’

‘अँड’ काय जोडते ते पाहावे. ‘सीता अँड गीता लिव्ह इन पुणे’ हे सिम्पल वाक्य आहे. इथे दोन नामे जोडली आहेत, क्लॉज एकच. ‘सीता सँग अँड गीता डान्स्ड’ हे कम्पाउंड. ‘शी ओपन्ड द डोअर अँड वेंट आउट’ अशा वाक्याबद्दल मतभेद आहेत. काही पुस्तके दुसऱ्या क्रियापदामागे ‘शी’ अध्याहृत धरून त्याला कम्पाउंड म्हणतात, काही एका कर्त्याची दोन क्रियापदे मानून सिम्पल.

‘जोडशब्द नाही, म्हणजे सिम्पल’

‘आय नो ही लाइड’ हे चार शब्दांचे वाक्य कॉम्प्लेक्स आहे. ‘नो’ आणि ‘लाइड’ ही दोन क्रियापदे आहेत आणि मधला ‘दॅट’ गाळलेला आहे. ‘द बुक आय बॉट इज लॉस्ट’ यातही ‘आय बॉट’ हा पूर्ण क्लॉज ‘बुक’ला चिकटून बसला आहे. मराठीत ‘मी जे पुस्तक घेतले ते हरवले’ असे म्हणताना ‘जे’ आणि ‘ते’ या जोडीचा आधार असतो. इंग्रजीने हा आधार काढून घेतला की मराठी वाचक अशा वाक्यात अडखळतो. दोन नामे, किंवा नाम आणि सर्वनाम, लागोपाठ आली आणि त्यांच्यानंतर क्रियापद आले, तर तिथे एक दडलेला क्लॉज असण्याचा संभव मोठा असतो. लांबलचक वाक्य मात्र सिम्पल असू शकते. पन्नास शब्दांचे वाक्यसुद्धा काळ दाखवणाऱ्या एकाच क्रियापदावर तोलता येते.

‘व्हेनने सुरू होणारा क्लॉज नेहमी क्रियाविशेषणाचा’

हा सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज आहे, कारण त्यामुळे क्रियापदाचा काळ चुकतो. एकच ‘व्हेन’ तीन प्रकारचे क्लॉज सुरू करतो. ‘व्हेन ही केम, आय वॉज अस्लीप’ यात तो केव्हा हे सांगतो, म्हणून क्लॉज क्रियाविशेषणाचा. ‘आय रिमेम्बर द डे व्हेन ही केम’ यात तो ‘डे’ या नामाची माहिती देतो, म्हणून विशेषणाचा. ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ यात मला काय माहीत नाही, या प्रश्नाचे उत्तर हा क्लॉजच आहे. तो ‘नो’चे कर्म आहे, म्हणून नामाचा.

आता काळ पाहावा. क्रियाविशेषणाच्या क्लॉजमध्ये ‘व्हेन’ असेल तर भविष्यातल्या घटनेसाठीही इंग्रजी वर्तमानकाळ वापरते: ‘आय विल टेल हिम व्हेन ही कम्स’. नामाच्या क्लॉजमध्ये ‘विल’ बिनदिक्कत चालते, जसे वरच्या ‘व्हेन ही विल कम’मध्ये. मराठीत ‘तो येईल तेव्हा मी त्याला सांगेन’ आणि ‘तो कधी येईल मला माहीत नाही’ या दोन्ही वाक्यांत ‘येईल’ बसते. त्यामुळे ‘आय विल टेल हिम व्हेन ही विल कम’ ही चूक अगदी सहज होते. ‘इफ’चेही असेच आहे. ‘इफ इट रेन्स, वी विल स्टे होम’ हा अटीचा, म्हणजे क्रियाविशेषणाचा क्लॉज. ‘आय डोन्ट नो इफ इट विल रेन’ हा नामाचा. एकदा क्लॉजचे काम ओळखले की काळ वेगळा पाठ करावा लागत नाही.

‘आफ्टर’, ‘बिफोर’ आणि ‘सिन्स’ हे शब्द तर फ्रेजही सुरू करतात आणि क्लॉजही. ‘आफ्टर डिनर’ ही फ्रेज, ‘आफ्टर वी एट’ हा क्लॉज.

‘प्रश्नार्थक शब्द आला की क्रम उलटायचा’

‘व्हेअर इज ही?’ हा थेट प्रश्न आहे, म्हणून त्यात क्रियापद कर्त्याच्या आधी येते. तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात नामाचा क्लॉज म्हणून गेला की क्रम विधानाचा होतो: ‘आय डोन्ट नो व्हेअर ही इज’. मराठीत ‘तो कुठे आहे?’ आणि ‘तो कुठे आहे मला माहीत नाही’ यांत क्रम बदलत नाही. म्हणून ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ असे लिहिले जाते. ‘डू’, ‘डझ’, ‘डिड’ हेही अशा क्लॉजमधून गळतात: ‘टेल मी व्हेअर यू लिव्ह’.

‘गौण क्लॉज म्हणजे बिनमहत्त्वाचा मजकूर’

गौणत्व रचनेतले असते, आशयातले नव्हे. ‘आय थिंक द हाउस इज ऑन फायर’ या वाक्यात मुख्य क्लॉजचे क्रियापद ‘थिंक’ आहे, पण ऐकणारा धावतो तो आगीच्या बातमीमुळे. गौण क्लॉज खोडला की उरते ते मुख्य वाक्य, ही युक्तीही नेहमी उपयोगी पडत नाही. ‘व्हॉट ही सेड इज ट्रू’ यातला ‘व्हॉट ही सेड’ काढला तर ‘इज ट्रू’ एवढेच उरते, कारण तो क्लॉजच वाक्याचा कर्ता आहे.

‘वाक्य एक तर प्रश्नार्थी, नाही तर कॉम्प्लेक्स’

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी आणि उद्गारार्थी ही विभागणी वाक्याच्या हेतूवरून, तर सिम्पल, कॉम्प्लेक्स आणि कम्पाउंड ही बांधणीवरून. प्रत्येक वाक्याला दोन्ही उत्तरे लागू होतात. ‘डू यू नो व्हेअर ही इज?’ हे प्रश्नार्थीही आहे आणि कॉम्प्लेक्सही. शिवाय रूप आणि वापर सदैव जुळतातच असे नाही. ‘कॅन यू ओपन द विंडो?’ हे रूपाने प्रश्न आहे, वापराने विनंती.

‘अँड किंवा बिकॉजने वाक्य सुरू करू नये’

असा व्याकरणाचा नियम नाही. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘अँड’ने सुरू होणारी वाक्ये पानोपानी आहेत. ‘बिकॉज इट वॉज रेनिंग, वी स्टेड होम’ हेही निर्दोष वाक्य आहे. दोष आहे तो ‘बिकॉज इट वॉज रेनिंग’ एवढ्यावरच पूर्णविराम देण्यात, कारण त्यात मुख्य क्लॉज नाही. मुलांनी अशी अर्धवट वाक्ये लिहू नयेत म्हणून केलेली सूचना पुढे नियम बनून राहिली असावी.

‘श्वास घ्यायचा तिथे स्वल्पविराम’

इंग्रजीत स्वल्पविराम अनेकदा क्लॉजची सीमा दाखवतो आणि त्याने अर्थ पालटतो. ‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन नागपूर इज अ डॉक्टर’ असे स्वल्पविरामाशिवाय लिहिले तर भाऊ एकाहून अधिक आहेत आणि त्यांतल्या नागपूरच्या भावाबद्दल हे बोलणे आहे. ‘हू लिव्ह्ज इन नागपूर’च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम दिले तर कोणता भाऊ हे आधीच ठरलेले असते, बहुधा भाऊ एकच असतो, आणि नागपूर ही नुसती जादा माहिती होते. अशा जादा माहितीच्या क्लॉजमध्ये ‘हू’ किंवा ‘विच’ऐवजी ‘दॅट’ वापरत नाहीत. दोन स्वतंत्र क्लॉज नुसत्या स्वल्पविरामाने जोडणे, जसे ‘इट वॉज लेट, वी वेंट होम’, हेही औपचारिक लेखनात चूक मानले जाते; तिथे पूर्णविराम, अर्धविराम किंवा ‘सो’सारखे उभयान्वयी अव्यय हवे.