कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल: डिपेंडन्सीची तीन दशकं

1996 मध्ये 'पीसीक्वेस्ट' मासिकाने सीडीवरून लिनक्स वाटायला सुरुवात केली. त्यामागे बेळगावात शिकलेले अतुल चिटणीस होते. आताच्या छत्तीसगडमधल्या जामुल-भिलाईसारख्या कारखान्यांच्या गावांत डायल-अपचं बिल परवडत नसे, तिथे ही सीडी मोठा आधार ठरली. सीडीत नसलेलं काही हवं असलं, की सोर्स कोडचा टारबॉल (बांधलेला गठ्ठा) उतरवायचा आणि कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल या तीन कमांड द्यायच्या.

गाडी बहुधा पहिल्याच कमांडला अडायची. 'झेडलिब सापडत नाही', असा संदेश यायचा. झेडलिब तर मशीनवर असायची! पण प्रोग्राम चालायला लागते ती लायब्ररी, आणि कंपाइल करायला शिवाय हेडर फाइलही लागते. ती वेगळ्या पॅकेजात असते: रेड हॅटकडे नावाला 'डेव्हल' जोडलेलं, डेबियनकडे 'डेव्ह'. एवढं उमगलं की निम्मी डोकेदुखी संपायची. पुढे सगळं नीट बसूनही प्रोग्रामला नवी लायब्ररी दिसत नसे. एलडीकॉन्फिग चालवलं की दिसायची. काढून टाकताना तर कुठे काय बसलंय याची नोंदच नसे. ती उणीव चेकइन्स्टॉलने भरून काढली.

मार्च 1999 मध्ये डेबियन 2.1 सोबत अ‍ॅप्ट आलं, 2003 मध्ये फेडोरासोबत यम; दोन्ही पॅकेजं बसवणारी साधनं. एक लायब्ररी दुसरी मागते, दुसरी तिसरी, हा शोध आता संगणकच घेऊ लागला. सोर्सवरूनच बांधायचं असेल, तरी 'अ‍ॅप्ट बिल्ड-डेप' लागणारी पॅकेजं एका दमात आणून देतं. ही सोय फार मोलाची आहे. पण तिच्यामुळे काय काय बसतंय याची यादी वाचणं आपण सोडलं.

त्याची किंमत 29 मार्च 2024 ला दिसली. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद उशीर का होतो, हे शोधताना प्रोग्रामर आंद्रेस फ्रॉइंड यांना एक्सझेड या फाइली आक्रसणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये दडवलेलं मागचं दार सापडलं. ते उघडणाऱ्या स्क्रिप्टचा एक दुवा फक्त टारबॉलमध्ये होता, सर्वांना दिसणाऱ्या गिटमधल्या सोर्समध्ये नव्हता. शिवाय एसएसएचला एक्सझेड मुळात लागतच नाही. काही वितरणांनी त्याला सिस्टमडी जोडलं आणि त्यामागून एक्सझेडची लायब्ररी आत आली.

त्याच जामुलच्या सिमेंटला भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या झोतभट्टीचा स्लॅग लागतो. तो कुठून, कोणत्या प्रतीचा आला हे तपासल्यावाचून चालत नाही. सॉफ्टवेअरलाही हाच नियम हवा. अ‍ॅप्ट जरूर वापरावं, पण 'वाय' दाबण्याआधी ते काय काय आणतंय हे वाचावं. नव्या मुलांना एकदा तरी सोर्सवरून बांधायला लावावं. आपला प्रोग्राम कोणाकोणाच्या भरवशावर चालतो, हे त्याशिवाय नीट कळत नाही.