एक हजार एकोणनव्वद घन सेंटिमीटर

मोटारगाडी विकत घ्यायला निघालेला गृहस्थ माहितीपत्रकातील ज्या कोष्टकावरून नजर सरकवून लगबगीने रंगांच्या पानाकडे वळतो, त्याच कोष्टकात इंजिनाच्या स्वभावाविषयी बहुतेक सारे काही लिहून ठेवलेले असते. ते वाचण्याचा शिरस्ता मात्र आपल्याकडे पडला नाही. घनक्षमता, अश्वशक्ती, टॉर्क आणि मिनिटाचे फेरे हे चार आकडे शेजारी शेजारी मांडले, तर ते यंत्र किती वर्षे, किती खर्चात आणि कितपत निमूटपणे चाकरी करील याचा पुष्कळसा अदमास बांधता येतो. प्रस्तुत आढावा अशा एका पेट्रोल इंजिनाचा आहे, की ज्याची अश्वशक्ती ऐकून आजच्या तरुणाला हसू येईल, आणि तरीही ज्या इंजिनाच्या जोरावर मुंबई शहराने आपली टॅक्सी दशकानुदशके चालविली : कुर्ल्यात घडलेल्या फियाटचे, अर्थात पुढच्या प्रीमियर पद्मिनीचे, एक हजार एकोणनव्वद घन सेंटिमीटरांचे इंजिन.

हे इंजिन नैसर्गिक श्वसनाचे होते. निकोलाउस ऑटो याने १८७६ साली जर्मनीत यशस्वी करून दाखविलेल्या चार टप्प्यांच्या चक्रात पहिला टप्पा शोषणाचा असतो. दट्ट्या खाली उतरतो, सिलिंडरात विरळ पोकळी निर्माण होते आणि बाहेरचा वायुभार, जो समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम असतो, हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत लोटतो. शोषण हा शब्द रूढ असला तरी खरे काम बाहेरचे वातावरण करते, आणि त्याचा जोर ठरलेला असल्यामुळे अशा इंजिनाला मिळणाऱ्या हवेवर निसर्गाचीच मर्यादा पडते. त्यातही वाटेत कार्ब्युरेटरचा अरुंद गळा, वळणदार नळी आणि झडपेचे तोंड यांचा अडथळा असतो, म्हणून जुन्या धाटणीच्या इंजिनात सिलिंडर पूर्ण कधी भरतच नाही. चार-पंचमांश भरला तरी पुष्कळ. सुमारे १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरी हवा सातव्या-आठव्या हिश्श्याने विरळ असते, तेवढीच शक्ती इंजिन तेथे गमावून बसते, आणि कार्ब्युरेटरला या बदलाची वर्दी नसल्यामुळे तो पेट्रोल मात्र जवळजवळ खालच्याच हिशेबाने सोडीत राहतो. पसरणीचा घाट चढताना जुन्या फियाटला लागणारी धाप हा यंत्राचा दोष नव्हता. ते वायुभाराचे साधे गणित होते.

या इंजिनाची कुळकथा इटलीतल्या तुरीन शहरात सुरू होते. दान्ते ज्याकोसा या अभियंत्याच्या हातून १९३७ साली फियाटची ५०८ सी ही गाडी उभी राहिली, तेव्हा तिच्या चार सिलिंडरांचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर ठेवण्यात आली होती; गुणाकार करून पाहावा, १,०८९ घन सेंटिमीटर भरतात. इकडे सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी अमेरिकन गाड्या व नंतर फियाटच्या गाड्या जुळविल्या जाऊ लागल्या. १९५४ साली अकराशे आली, १९६४ साली तिचे डिलाइट हे रूप आले, १९७४ साली तिला पद्मिनी हे नाव मिळाले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती बनत राहिली. मध्यंतरी बाहेरच्या पत्र्याला नव्या घड्या पडल्या, दिवे बदलले, बोधचिन्ह बदलले. परंतु ६८ आणि ७५ हे दोन आकडे टिकून राहिले. परवान्यांच्या अमदानीत स्पर्धा नावापुरतीच होती आणि गिऱ्हाईक नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत होते, तेव्हा बदल करण्याची निकडही कारखान्याला वाटली नाही. त्या सुस्तीचा जाच गिऱ्हाइकाने सोसला हे खरे. पण तिचा एक अनपेक्षित लाभही झाला, तो पुढे येईलच.

आता आकड्यांकडे पाहू. पद्मिनीची शक्ती ४८०० फेऱ्यांना सुमारे ४० अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे सदतीसच्या आसपास. ७५ मिलिमीटर धावेचा दट्ट्या त्या वेगाला सेकंदाला सरासरी १२ मीटर अंतर कापतो, आणि या सरासरी गतीवरच कडी, बेअरिंग आणि सिलिंडरची भिंत यांची झीज पुष्कळशी अवलंबून असते. क्रँकदांड्याला आधार तीनच बेअरिंगांचा. कॅमदांडा खाली ठोकळ्यातच, त्याला फिरविणारी साखळी आखूड, आणि झडपा उघडायच्या त्या लांब ढकलदांड्यांच्या मार्फत. अशी रचना फार वेगाने फिरू शकत नाही, झडपांच्या स्प्रिंगा साथ सोडतात; परंतु वेग हेच ज्याचे साध्य नाही त्याच्या दृष्टीने ही मर्यादा म्हणजे एक पहारेकरीच होती, कारण उतावळ्या चालकालाही इंजिनाचा छळ एका हद्दीपलीकडे करता येत नसे. संपीडनही त्या काळच्या हलक्या पेट्रोलला सोसेल एवढेच बेताचे होते. थोडक्यात, या धातूकडे मागितलेच फार कमी होते, आणि माझ्या मते त्याच्या दीर्घायुष्याचे पहिले कारण हेच आहे.

दीर्घायुष्य म्हणजे निरोगीपण नव्हे, हे मात्र येथेच स्पष्ट केले पाहिजे. जुन्या गाड्यांच्या आठवणी काढणारे पुष्कळ लेखक हा भेद सोयीस्करपणे विसरतात. पद्मिनी वारंवार बिघडत असे. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट जळत, त्यांचे अंतर पुन्हा पुन्हा लावावे लागे. टॅपेट सैल होऊन कटकट करू लागत. पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत दमट हवा शिरली की हिंदमाता चौकात तुंबलेल्या पाण्यात गाडी उभी राही, आणि चालक टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसू लागे. वैशाखात पेट्रोलपंप तापून नळीतच पेट्रोलची वाफ धरली, की त्याच्यावर ओले फडके गुंडाळणे हा सर्वमान्य इलाज होता. सर्वांत महागडा रोग हेड गॅसकेटचा. ठोकळा बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. दोन धातू तापल्यावर सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, आणि रहदारीत रेडिएटरचे पाणी उकळूनही ज्याने गाडी तशीच दामटली त्याच्या इंजिनाचे हेड वाकडे होऊन गॅसकेट उडालेच म्हणून समजावे. मग पाणी तेलात मिसळे, तेल पांढुरके होई, आणि गॅरेजची पायरी चढावी लागे.

परंतु त्या पायरीवरच या इंजिनाचे दुसरे बळ होते. साठ वर्षे न बदललेल्या यंत्राचे ज्ञान एका कारखान्यापुरते राहत नाही, ते शहराच्या अंगी मुरते. वर उल्लेखिलेला लाभ तो हाच. परळच्या गल्लीतला अक्षरशत्रू मिस्त्री नुसत्या आवाजावरून कोणता टॅपेट बोलतो आहे हे सांगत असे. सुटे भाग ऑपेरा हाउसच्या दुकानांत नवे आणि कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर जुने मिळत. आणि इंजिन फार धूर ओकू लागले म्हणजे ते उतरवून, बोअर मिलिमीटरच्या अंशाने वाढवून, मोठ्या मापाचे पिस्टन व नव्या रिंगा घालून पुन्हा बांधण्यात येई. बोअर वाढविण्यास जागा उरली नाही तर आत स्लीव्ह ठोकून सिलिंडर मूळ मापावर आणावयाचा, आणि क्रँक घासून बारीक मापाची बेअरिंगे बसवायची. अशा रीतीने एकच बिडाचा ठोकळा तीन-तीन मालकांच्या हाताखालून जाई. टॅक्सीवाल्याच्या रोजच्या जमाखर्चात या दुरुस्त्यांची बाब ठरलेली असे आणि तिची त्याला धास्ती नसे, कारण कोणता खर्च केव्हा येणार आणि साधारण कितीचा येणार हे त्याला आधीच ठाऊक असे.

१९८३ साली मारुती ८०० आली, आणि विश्वासार्हतेची कसोटीच बदलली. तीन सिलिंडर, ६८.५ मिलिमीटर व्यास, ७२ मिलिमीटर धाव, ७९६ घन सेंटिमीटर. शक्ती पद्मिनीच्या जवळपास, पण गाडीचे वजन फारच कमी, कॅमदांडा हेडमध्ये चढविलेला आणि त्याला फिरविणारा दातेरी पट्टा. हे इंजिन दुरुस्त करणे पद्मिनीइतके सुलभ नव्हते, परंतु दुरुस्तीची वेळच क्वचित येई. सकाळी किल्ली फिरविली की गाडी सुरू होते, ही गोष्ट मध्यमवर्गाला प्रथमच गृहीत धरता आली. २००० साली कार्ब्युरेटर जाऊन त्याच्या जागी इंधन-अंतःक्षेपण आले, आणि २०१४ च्या जानेवारीत गाडीचे उत्पादन थांबले. माझा कौल विचाराल तर यंत्र म्हणून सरस तेच. पद्मिनीची थोरवी तिच्या धातूत जितकी आहे तितकीच तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या माणसांत आहे.

नंतरच्या पिढीने लिटरमागे शक्ती वाढवीत नेली. मारुतीचेच ९९८ घन सेंटिमीटरांचे के-मालिकेतले इंजिन ६२०० फेऱ्यांना ६७-६८ अश्वशक्ती देऊ लागले, त्याच्या ७९.५ मिलिमीटर धावेचा हिशेब केला तर दट्ट्याची सरासरी गती सेकंदाला सोळा मीटरांच्या वर जाते, म्हणजे पद्मिनीच्या सव्वापटीहून अधिक. तरीही ते टिकते, कारण मधल्या काळात धातुशास्त्र, यंत्रकामातील अचूकपणा आणि वंगणतेल ही तिन्ही कमालीची सुधारली. टर्बोचा मार्ग मात्र वेगळा आहे. टाटांच्या एकाच १,१९९ घन सेंटिमीटर क्षमतेच्या दोन इंजिनांचा तपशील पाहावा : टियागोतले नैसर्गिक श्वसनाचे इंजिन ११३ न्यूटन-मीटर टॉर्क देते, आणि रांजणगावात बनणाऱ्या नेक्सॉनमधले टर्बो इंजिन १७०. पुण्याहून महाबळेश्वरला भरल्या गाडीने जाणाऱ्यास हा फरक पहिल्याच वळणावर कळेल. परंतु ही दीडपट ताकद हवा दाबून भरल्याने येते. दट्ट्यावरचा दाब त्याच मानाने वाढतो, निष्कासित वायूंनी लालबुंद होणारे आणि मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारे एक चक्र इंजिनाच्या अंगाला जडते, आणि त्या चक्राच्या बेअरिंगला इंजिनातल्याच तेलाचा आधार असतो. तेल बदलण्याची मुदत टळली तर पद्मिनीने कुरकुरत क्षमा केली असती. टर्बो ती करीलच असे नाही.

पद्मिनीचा शेवट तिच्या इंजिनाच्या झिजेने ओढवला नाही. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले, प्रदूषणाचे निर्बंध कडक झाले, आणि कार्ब्युरेटरच्या अंदाजी मिश्रणाला त्यांच्यापुढे टिकाव धरणे शक्य नव्हते. कित्येक टॅक्स्यांनी आधीच डिझेल इंजिने बसवून घेतली होती, पुढे सीएनजी आला, आणि या वायूने हवेची जागा व्यापल्यामुळे मूळची बेताची शक्तीही आणखी उतरली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयाच्या दप्तरी शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून दाखल झाली, आणि वीस वर्षांची कमाल मुदत भरताच, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, ती सेवेतून बाद झाली. धुराचा विचार करता हा मुदतीचा नियम योग्यच होता, त्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही.

आज गाडी घेणाऱ्यास सांगावयाचे ते एवढेच. वर्षाकाठी आठ-दहा हजार किलोमीटर, तेही बहुतांशी शहरात, चालवून जो गाडी दहा-बारा वर्षे ठेवणार आहे, त्याने टर्बोच्या मोहात न पडता नैसर्गिक श्वसनाचे इंजिन घ्यावे. घाटाची नित्य ये-जा आणि भरलेली गाडी असेल तर टर्बो खुशाल घ्यावा, पण तेलाच्या मुदतीत एक दिवसाचीही सूट घेऊ नये. आणि जुनी गाडी घेत असाल, तर विक्रेत्याने धुऊन-पुसून चकचकीत केलेल्या पत्र्याकडे पाहण्यापूर्वी देखभालीची वही मागावी, इंजिन रात्रभर थंड राहिलेले असताना स्वतः किल्ली फिरवावी, तेलाची टोपी उघडून तेल पांढुरके तर झाले नाही ना ते पाहावे, आणि सर्व सिलिंडरांचे संपीडन मोजून घेतल्यावाचून बयाणा देऊ नये.