दांडीवरची रापण

पहाटे 5.30
रेवसहून रेडीकडे जाणारा किनारी रस्ता मालवणात आला की दांडीच्या वाळूवर थांबावंच. थंडीचे दिवस. मतलई वारा जमिनीकडून येतो आणि पाठीला बोचतो. समोर सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट नुसता काळा दिसतो. तात्या कानटोपी घालून पाण्याच्या कडेला उभे. वय सत्तरीपुढचं. पाण्याचा रंग बदललाय का, पाखरं कुठे झेपावतायत, ते बघतात. दूर क्षितिजावर मोठ्या बोटींचे झगझगीत दिवे आहेत. तात्या तिकडे एकदा बघतात. बोलत काहीच नाहीत.

6.15
रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची, होडी सुटते. दोराचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात. होडी समुद्रात जाते, वळते आणि जाळं सोडत सोडत मोठा अर्धगोल घेते. वरच्या काठाला तरंगणारी बोंडं, खालच्या काठाला शिसं. वल्ही मारणारे घामाघूम. दुसरं टोक घेऊन होडी बऱ्याच अंतरावर किनाऱ्याला लागते.

7.00
आता ओढायचं. दोन्ही दोरांवर मिळून 32 माणसं. म्हातारे, कॉलेजची पोरं, गोव्यातली नोकरी सुटून परत आलेला एक जण. टाचा वाळूत रुतवायच्या, पाठ मागे टाकायची, पावलापावलाने मागे सरकायचं. शेवटचा माणूस दोर सोडतो, पाण्यापर्यंत चालत जातो, पुन्हा पुढून धरतो. एक जण नुसता दोराची वेटोळी घालत बसलेला. ओला दोर खारट, खरखरीत. नव्या पोराचे तळवे लाल झालेत. तात्या त्याच्या मागे येतात.
"हातान वढू नको रे, आंगान वढ."
पोरगा पाठ टाकतो. दोर हलतो. मी बराच वेळ त्याच्या टाचांकडेच बघत होतो. वाळूत त्यांचा खोल चर पडला होता.

8.30
दोन्ही टोळ्या हळूहळू एकमेकींकडे सरकल्या. बोंडांचा गोल लहान झाला. मधला पिशवीसारखा भाग जवळ येताच कोणी कमरेभर पाण्यात उतरले, शिशाचा काठ पायाखाली दाबून धरला. खालून मासा निसटतो तो इथेच. बगळे आणि कुत्री आधीच हजर.

8.50
जाळं वाळूवर. बांगडे उड्या मारतात. पेडवे चंदेरी. चार खेकडे, थोडं शेवाळ, प्लास्टिकच्या पिशव्या पुष्कळ. पिशव्या निवडायलाही माणसं लागतात आणि त्याचा वेगळा पैसा नाही.

9.20
पाट्या घेऊन बायका आल्या. बर्फाचा टेम्पोवाला आला.
"तात्यानु, बांगडो बारीक आसा. सतराशेक देवा."
"अठराशे. ताजो आसा, हात लावन बघ."
अठराशेला ठरलं. बांगड्याचे 5 क्रेट, म्हणजे 9,000. पेडव्यांच्या 4 टोपल्या, साडेसहाशेप्रमाणे 2,600. एकूण 11,600.

10.00
होडीच्या सावलीत हिशेब. चहा-वड्याचे 600 गेले. जाळ्याचा आणि होडीचा वाटा 3,000. उरले 8,000, माणशी 250. वर प्रत्येकाला कालवणाला मूठभर पेडवे. दोर ज्याने धरला त्याला वाटा, मग तो वीस वर्षांचा असो की सत्तरचा. किनाऱ्यावर इतकं काही बघितलं, पण मला सगळ्यात आवडली ती ही वाटणी. सगळ्यांदेखत होते, नोटा वाळूवर मांडून.

नव्या पोराने अडीचशे दोनदा मोजले. पेट्रोल शंभराचं, म्हणाला. उरलेले आईला.

दुपारी 3.00
सकाळच्या गड्यांपैकी चौघे परतले. जाळं माडाखाली पसरलंय. खडकाला अडकून तीन ठिकाणी फाटलेलं. तात्या चष्मा लावून सुईने एकेक आस विणतात. बोटं वाकडी झालेली, पण गाठ पक्की बसते. नायलॉनचं रीळ संपत आलं. बाजारात जाणाऱ्याला ते दोनशेची नोट देतात, जाळ्याच्या वाट्यातली.

"सुटे परत हाड," म्हणतात, "आनी उद्या पाचाक ये."